भिंतीकडचा प्रवाह

प्रवाळाला पाणी खारं लागतं, आणि जळगावात गोड्याचीच वानवा. त्यामुळे पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात मी चार फुटी काचेची टाकी बसवली तेव्हा गल्लीने मला वेड्यात काढलं. प्राणिशास्त्राच्या मास्तराला तेवढं वेड माफ असतं. शेजारचे गुलाबभाऊ केळीची गाडी मुंबईत रिकामी करून परतताना किनाऱ्यावरून समुद्राच्या पाण्याचे कॅन भरून आणत. "लोक मुंबईहून साड्या मागवतात, सर," ते म्हणत, "तुमच्याकडे मी पाणी उतरवतो."

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून समुद्रपंखा आणला. कुणा कोळ्याच्या जाळ्यात आलेला, दगडासकट. सुपाएवढा, जांभळा. दिसायला वाळकं झुडूप, पण तो प्राणी. फांदीफांदीवर शेकडो इवले जीव. पाणी मनाजोगतं झालं की ते पांढरी तोंडं उघडत, आणि बाजरीच्या कणसावर फुलोरा यावा तसा तो सारा पंखा दिसे.

त्याचं खाणंपिणं प्रमिलावहिनींनी आपल्याकडे घेतलं. वहिनी म्हणजे माझ्या हिलालदादाची बायको. दादा जहाजावर इंजिनाचा मेकॅनिक. एकोणनव्वदच्या पावसाळ्यात तो भर समुद्रात जहाजावरून नाहीसा झाला. कंपनीचं पत्र आलं, दादा आला नाही. वहिनींनी कुंकू पुसलं नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना, माझे वडील, घरातल्या गेलेल्यांच्या नावाने घागरी भरत आणि दादाच्या नावाशी अडत. नरडाण्याकडची बोली नाना आणि वहिनी दोघांच्याही तोंडून सुटलेली नव्हती.

"गया त्याले पानी देनं पडस, बेटा."

"गया, हाई कोन्ही दखं, नाना?"

तेवढ्यावर नाना घागर पालथी घालत.

समुद्रपंख्याचा एक नेम असतो. तो प्रवाहाला आडवा वाढतो, म्हणजे वाहत आलेलं खाणं त्यात अडतं. पाणी हलवणारा पंप मी टाकीच्या डाव्या बाजूला लावला होता. फेब्रुवारीत लक्षात आलं, नवे कोंब त्या पंपाला सामोरे नाहीत. ते मागच्या भिंतीला सामोरे आहेत. भिंतीपलीकडे शेजारच्या जीवरामकाकांची कापूस साठवायची खोली. मी दगड फिरवून ठेवला. महिन्याभरात कोंब पुन्हा भिंतीकडे. मग काचेवर खुणा केल्या, वहीत तारखा घातल्या. गंमत वाटत होती. एखादा निबंध होईल यातून, असंही मनात आलं.

मार्चमध्ये दुपारची वीज जाऊ लागली. पंप बंद, टाकी ताटातल्या पाण्यासारखी निश्चल. आणि समुद्रपंखा झुलत होता. भिंतीकडून खोलीकडे, परत भिंतीकडे. प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच आणून मोजलं. एका झोक्याला अकरा सेकंद. पाण्यावर तरंग नाही. तळाच्या वाळूचा कण हलत नाही. टेबलाचे पाय तपासले, रस्त्याने ट्रक गेला तरी झोका तोच.

"रोजच हालस," वहिनी म्हणाल्या. "आज जास्ती. समुद्र खवयेल दिसस, भाऊजी."

दोन दिवसांनी गुलाबभाऊ रिकामे कॅन घेऊन आले. लाटांनी किनाऱ्यावर पाय ठरू दिला नाही म्हणाले. मी हसलो. मग वहीतली तारीख ताडून पाहिली. तोच दिवस.

आखाजीच्या दुपारी ऊन चव्वेचाळीसवर होतं. वीज गेलेली. मी बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडून बसलो होतो. बाहेर कडुलिंबाच्या झोक्यावर माहेरवाशिणींची गाणी चालली होती. अंगणात नानांनी घागरी भरल्या. आजोबांची, आजीची, माझ्या आईची. मग चौथी, कोरी घागर पुढे ओढली.

"आज मी भरसूच, बेटा."

वहिनी ताडकन उठल्या. दाराकडे निघालेल्या त्या टाकीपाशीच थबकल्या.

पंखा थांबला होता.

मग भिंतीकडच्या बाजूने तोंडं मिटू लागली. हात लागला की ती मिटतात. लागला तिथंच, तेवढीच. आमचे दोघांचेही हात पाण्याबाहेर होते.

एक पट्टी मिटली. शेजारी दुसरी. अशा चार. बाजूला आखूड, जाड पाचवी. खाली तळव्याएवढी जागा.

वहिनींनी हात पाण्यात घातला. काचेवर बांगड्या वाजल्या. पंख्याच्या अलीकडच्या बाजूने त्यांनी तळवा त्या खुणेवर टेकवला आणि तसाच ठेवला. त्या भ्याल्या नव्हत्या. तापकऱ्याच्या कपाळावर हात ठेवावा, तसं त्यांचं लक्ष होतं.

"नाना," त्या मान न वळवता म्हणाल्या, "आठे बठ्ठं खारं पानी शे. सात वरीस. प्यावाले थेंब नही."

अंगणात नानांनी तांब्या हाती घेतला.

"भरा. गोड पानी भरा. काठोकाठ."

घागरीत पाणी पडू लागलं. आधी पोकळ, मग भरत आलेलं. नानांनी दादाचं नाव घेतलं.

वहिनींनी हात काढला, पदराला पुसला आणि बाहेर गेल्या.

त्यांच्या हाताखालची तोंडं अर्ध्या तासात उघडली. पलीकडची, भिंतीकडची, मी बघत बसलो, वेळ लिहीत. करंगळी सव्वातीनला. तिच्या शेजारचं बोट साडेतीनला. मधलं चारला. तर्जनी पाचला. धरलेला हात सोडावा तसं, एकेक.

आज जूनची सहा तारीख. अंगठा अजून उचललेला नाही.