करंगळीने सरकणारा बोल्ट

म्हातारा तौनो सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, मागे बर्फात उताणा पडला होता. हनुवटी उरलीच नव्हती. रक्त लाकडांच्या ढिगावर उडून तिथेच गोठलं होतं. शेजारी ओंडक्यात रुतलेली कुऱ्हाड. छातीवर त्याची रायफल.

पोलीस अधिकारी हेल्मी कार्पिनेननं हातमोजे चढवून रायफलीचा बोल्ट, काडतूस आत-बाहेर करणारा लोखंडी दांडा, मागे ओढला. तो करकरत, अडत आला. रिकामं काडतूस बर्फात पडलं.

"म्हाताऱ्याला बोल्ट घासायचं वेड लागलं होतं," जावई ओइवा म्हणाला. "कसा चालतोय ते बघायला रायफल बाहेर आणली असेल. सुटली गोळी."

"तू कुठे होतास?"

"झोपलेलो. रायफलींना हातसुद्धा लावला नाही मी."

खोपटात तौनोची मुलगी सायमी चुलीपाशी बसली होती. उजवं मनगट पट्टीत.

"जिन्यावरून पडले," हेल्मीनं विचारायच्या आधीच ती म्हणाली. मग हळूच, "हेल्मीताई, बाबांनी मुद्दाम तर नाही ना केलं? काल ओइवाशी भांडले. मला म्हणाले, तुला माझ्या घरी घेऊन जातो. आणि आज मलाच सोडून..."

हेल्मीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "बोल्ट कशाला घासत होते गं?"

"माझ्यासाठी. या हातानं ओढवत नाही ना मला. आठवडाभर पॉलिश लावून पुढे-मागे करायचे, पुसायचे, परत लावायचे. काल म्हणाले, करंगळीनं ढकल बघू. लोण्यासारखा गेला."

चुलीवरच्या फळीत दोन खाचा होत्या. शिकारीहून आलं की रायफल भिंतीला आणि बोल्ट काढून आपापल्या खाचेत. त्या घरचा शिरस्ताच तो. डावी खाच तौनोची, उजवी ओइवाची.

उजवी रिकामी होती. डावीत बोल्ट चकाकत होता.

हेल्मीनं बाहेरून तौनोची रायफल आणली, तिच्यातला बोल्ट काढला आणि हा घातला. बोटाच्या टोकानं सरकला. ती दारात उभ्या ओइवाकडे वळली.

"ओइवा, मेलेल्या माणसाचा बोल्ट घरात आणि तुझा त्याच्या छातीवरच्या रायफलीत. कसा?"

"चुकून घेतला असेल त्यानं. दोन्ही रायफली सारख्याच आहेत."

"आठवडाभर हातात खेळवलेला बोल्ट? डोळे मिटूनही कळला असता त्याला. तो लाकडं फोडायला गेला होता. अपघात वाटावा म्हणून तू भिंतीवरून त्याची रायफल काढलीस. तेवढा विचार केलास. पण बोल्टला हात गेला तो रोजच्यासारखा, उजव्या खाचेत. मग जवळ जाऊन हनुवटीखाली नळी लावलीस."

"कशासाठी मारीन मी त्याला?" ओइवा हसला. "सायमी, सांग हिला, मी झोपलो होतो."

सायमी आपल्या मनगटाकडे बघत राहिली.

"आमच्या घराला जिनाच नाहीये, ताई."

ओइवानं तिच्या केसांना धरून तिला भिंतीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटायच्या आत हेल्मीनं रायफलीचा दस्ता त्याच्या कानशिलात हाणला. दात जमिनीवर सांडले. ती त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसली आणि बेड्या अडकवल्या.

सायमीच्या कपाळातून रक्त गळत होतं. तिनं ते पुसलं नाही. जमिनीवरची रायफल मांडीवर घेतली आणि करंगळीनं बोल्ट ढकलला.

"बघ," ती म्हणाली, "सोडून नव्हते जाणार बाबा. मला घेऊनच जाणार होते."