ओरूची बंद खिडकी

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. तुम्हाला चार दिवस सणकून ताप आलाय आणि समोरच्याच घरात राहणारा तुमचा जिवलग मित्र एकदाही फिरकत नाही. वर तुमच्या बाजूची खिडकीसुद्धा लावून घेतो. काय वाटेल तुम्हाला?

शाल्मलीलाही तेच वाटलं. तोरणमाळच्या पठारावर, वेधशाळेच्या वसाहतीत ती आबांजवळ, म्हणजे आपल्या आजोबांजवळ राहायची. मित्राचं नाव ओरू. थिर नावाच्या ग्रहावरून वर्षभरासाठी आलेल्या पाहुण्यांपैकी एक.

पाचव्या दिवशी ताप उतरला. मऊ भाताची वाटी बाजूला सारत ती म्हणाली, "आबा, ओरूशी माझी कायमची कट्टी! दगड आहे तो."

आबा थिरच्या लोकांच्या शरीराचा अभ्यास करत. ते हसले. "दगड नाही गं, भट्टी आहे! त्यांच्या अंगातून आपल्या चौपट उष्णता बाहेर पडते. आजाऱ्याजवळ दोघंतिघं बसले तर त्याचा ताप चढतच जाणार. म्हणून तिथे आजाऱ्याला एकटं सोडतात. माणूस जितकं लाडकं, तितकं लांब राहायचं."

"म्हणजे ती खिडकी..."

"तुझ्यासाठी! चार दिवस आत उकडत बसला बिचारा."

शाल्मलीचा चेहरा एवढासा झाला. "मग बरोबर कोण? आपण की ते?"

"नैतिक सापेक्षता (चांगलं-वाईट त्या त्या समाजानुसार ठरतं, असा विचार) म्हणते, आपल्या पट्टीनं दुसऱ्याला मोजायची घाई नको."

"मग उद्या कुणी म्हणेल, लहानांना बडवायची आमची रीतच आहे!"

"शाब्बास! तिथे हा विचार तोकडा पडतो. रीत समजून घेणं निराळं, मान्य करणं निराळं. ती कशासाठी आहे हे विचारायचं. आणि ज्याच्या वाट्याला येते, त्याला तिच्यामुळे काय सोसावं लागतं, हेही. मार बसला की पोराला दुखतंच, थिरवर काय नि इथे काय."

तेवढ्यात समोरच्या घरातली मोठी माणसं बाहेर पडून पाहुणेघराकडे निघाली. ओरूला ताप आला होता!

शाल्मली वाटी घेऊन धावली, आणि उंबऱ्याशीच थबकली. आत गेलं तर, थोडा का होईना, त्याचा ताप वाढणार. परत फिरलं तर तो एकटा पडणार. तिनं हाक मारली, "ओरू, आत येऊ?"

"नको," आतून बारीक आवाज आला. मग जरा थांबून, "पण फार लांबही जाऊ नकोस."

हे तर थिरच्याही रीतीत नव्हतं आणि तोरणमाळच्याही!

शाल्मलीनं घरून पतंगाचा दोरा आणला. एक टोक आता उघडलेल्या खिडकीतून ओरूकडे फेकलं. "एक हिसका म्हणजे ठीक. दोन म्हणजे ये." दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला बांधून ती वीस पावलांवर, गणिताची वही उघडून बसली.

थोड्या वेळानं दोऱ्याला एक हिसका बसला. शाल्मलीनंही एक दिला आणि पुढचं गणित सोडवायला घेतलं.