बंद पाकिटातलं शून्य

पहिल्याच भेटीत मी त्याला घराबाहेर काढलं.

साल २००७, गाव निर्णा. बाळंतीण न्हायला गेली होती आणि एक उंच, सावळा माणूस खाटेवर बसून बाळाला मांडीवर जोजवत होता. बाळाचा बाप, दुसरं कोण असणार! मी पिशवीतून कागद काढले आणि ठणकावलं, "तुमी जरा बाहेर बसा. नवऱ्यासमोर बाया खरं बोलत न्हाईत."

तो मुकाट्याने उठला. बाळ माझ्या हातात दिलं... अगदी अलगद, मान सांभाळून. आणि ओट्यावर जाऊन बसला.

अर्ध्या तासाने मी बाहेर आले, तर स्वारी हसत उभी. "झालं का मॅडम? आता मी जाऊ आत? मी डॉक्टर योगीराज. तुमच्यानंतरची पाळी माझी."

"मंग आधी सांगितलं कामून न्हाई?"

"तुमी सांगू दिलं असतं व्हय?"

मला असली माणसं आवडत नाहीत. म्हणजे, तेव्हा तरी आवडत नव्हती.

आमचं काम असं होतं. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन खचतं. ते ओळखायला दहा प्रश्नांची एक यादी बाहेरून आली होती. मराठीत केलेली ती यादी आमच्या भागात खरी ठरते का, हे तपासायचं होतं. मी प्रश्न विचारून गुण मांडायचे आणि पाकीट चिकटवायचं. मग माझे गुण न बघता डॉक्टरने त्याच बाईशी बोलायचं, आजार आहे की नाही ते ठरवायचं आणि आपलं पाकीट चिकटवायचं. शंभर बायका झाल्या की गुलबर्ग्याला आमचे माणिकराव सर दोघांची पाकिटं फोडून ताडून बघणार. त्यामुळे नियम एकच, पण कडक. कुठल्याही बाईबद्दल आम्ही एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही.

आता दिवसभर बरोबर हिंडणाऱ्या दोघांनी कामाबद्दल बोलायचं नाही, तर बोलायचं तरी कशाबद्दल? बाकी सगळ्याबद्दल बोललो. तो मेंढरं राखणाऱ्या घरातला, मी बिदरजवळच्या मैलूरच्या, बियाण्यांच्या व्यापाऱ्याची मुलगी. त्याला तुरीच्या शेंगा उकडून आवडतात आणि मला भाजून, यावर आम्ही हुमनाबादपासून निर्ण्यापर्यंत भांडलो. मी आत प्रश्न विचारत असताना तो बाळंतिणीच्या आईला ओट्यावर अडकवून ठेवायचा. "अक्का, तुमची बाळंतपणं किती झाली?" एवढं विचारलं की ती बाई तासभर हलत नसे.

"पाकिटात काय हाय ते न्हाई विचारत," एकदा जीपमध्ये तो म्हणाला. "पन मनात काय हाय... ते विचारलं तर चालतंय का?"

"शंभर बाया होऊ द्या आधी."

"एकाहत्तर झाल्या."

"मोजायलाव व्हय?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते. मीही मोजत होते, हे कबूल करते.

त्र्याऐंशीवी मंगल. वीस वर्षांची, पहिलटकरीण, माहेरी आलेली. नवरा पुण्याला बांधकामावर. कानाला फडकं, खाटेखाली शेगडी, खोलीभर बाळंतशेपांच्या धुरीचा वास. आई बाणूबाई योगीराजबरोबर ओट्यावर. दहाही प्रश्नांना मंगलचं एकच उत्तर आलं, "न्हाई अक्का, लई चांगलं हाय." तेही मोठ्याने. माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलीने मन लागत नाही म्हणायचं, म्हणजे आईच्या हाताला नाव ठेवायचं. ती उत्तरं मला नव्हतीच, ओट्यावरच्या आईला होती. पण कागदावर त्याचं शून्यच होतं. मी शून्य लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.

उठताना तिने माझी ओढणी धरली. हळूच विचारलं, "अक्का, सव्वा महिन्याचं लेकरू दुसऱ्या बाईचं दूध पितंय का?"

"कामून गं?"

"असंच." आणि हसली.

योगीराज आत निघाला होता. मी त्याला अंगणात गाठलं. "ही मंगल—"

"बोलू नका." तो पहिल्यांदाच मला रागावला. "सर आपली जोडी मोडतील, दीपमाला. सतराच राहिल्यात."

मला ते माहीत होतं. त्या सतरा बायकांनंतर तो काय विचारणार होता, तेही.

"मोडू द्या. पाकिटात शून्य हाय, पन ती जिवाचं कायतरी करायच्या बेतात हाय." आणि तिचं वाक्य मी त्याला सांगून टाकलं.

तो दीड तास आत होता. बाहेर आला आणि बाणूबाईसमोर उकिडवा बसला. "अक्का, लेक आजारी हाय. ताप येतो तसाच ह्यो बी आजारच. बरा होतोय. तुमच्या हाताचा दोष न्हाई."

"मी तर रोज डिंकाचे लाडू घातले की रं..." म्हणत बाणूबाई रडायला लागली. त्याच दुपारी जीप गुलबर्ग्याच्या दवाखान्याकडे निघाली. मंगल आमच्या मधे, बाळ आजीच्या मांडीवर.

माणिकराव सरांनी सगळं ऐकून घेतलं. "केलंत ते बरोबर. जिवाला धोका वाटला तर बोलायचं, हे मीच नियमात लिहायला हवं होतं. पण ही नोंद बाद. आणि आता तुम्हाला एकमेकांचे चेहरेही वाचता येतील, म्हणून जोडीही बंद." दुसऱ्या दिवसापासून मी आळंदच्या बाजूला, दुसऱ्या डॉक्टरबरोबर. गंमत अशी, की यादीला न सापडलेली बाई हीच त्या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची नोंद होती. ती माझ्या तोंडामुळे गेली. त्याचं मला वाईट वाटलं. योगीराजचं जास्त.

दोन महिन्यांनी एका रविवारी मंगलला बघायला गेले, तर तोही तिथेच, तिच्या गोळ्या तपासत. मंगल बाळाला थोपटत म्हणाली, "अक्का, तुजे प्रश्न लई येडे हाईत." मी ते मान्य केलं.

फाट्यापर्यंत आम्ही दोघं चालत निघालो. वाटेत मी विचारलं, "मी बोलले नसते... तर तुमाला कळलं असतं का?"

कुठलाही डॉक्टर व्हय म्हणाला असता. तो थांबला.

"न्हाई. माझ्यासमोर बी ती हसतच व्हती. मी 'बरी हाय' लिहून उठलो असतो." त्याने पायाने रस्त्यावरचा खडा लोटला. "रोज आठवायलंय मला ते."

मी सहजी विरघळणाऱ्यांतली नाही. पण त्या क्षणी तो मला इतका आवडला, की थांबणं जमेना.

"माझ्याशी लग्न करता का?"

त्याने माझ्याकडे बघितलं... मग रस्त्याकडे... मग परत माझ्याकडे. "हे मी विचारणार व्हतो की."

"लई उशीर लावलाव."

"तुमच्या घरी काय म्हनतील? आमी मेंढरंवाले."

"म्हनतील बरंच."

"मंग मी येऊन सांगतो," तो म्हणाला. "तुमी एकट्या नका सांगू."

समोरून बिदरची बस येत होती.

"आजच चल," मी म्हणाले. तुमी म्हणायचं तिथेच सुटलं.