सुईसकट स्वेटर

प्रणोतीच्या तोंडात खिळे होते, हातात हातोडी, आणि तिच्या फ्रेमच्या दुकानाच्या दारात एक अनोळखी तरुण कुरिअरवाल्याचा पत्ता विचारत होता. विचारता विचारता तो भिंतीकडेच पाहत राहिला. एका चौकटीत रेल्वे गार्डची शिट्टी, दुसरीत भेडाघाटहून आणलेला संगमरवराचा फुटका हत्ती, तिसरीत कुणाच्या तरी आजीची अडकित्ता-चुनाळी.

"इथे... अधुरी राहिलेली चीज पण लावता येते का?"

तिने खिळे काढले. "आणून तर दाखवा!"

दुसऱ्या दिवशी तो तरुण, गौरांग, निळा स्वेटर घेऊन आला. पाठ पूर्ण, पुढचा भाग अर्धा, सुई टाक्यांत तशीच. "आई माझ्यासाठी विणत होती. मागच्या दिवाळीनंतर ती गेली... आणि हा राहून गेला. सुई काढायची नाही हं. तिचा हात तिथे थांबला आहे."

"नाही काढणार. शब्द दिला."

मग रिछाईतला त्याचा कारखाना सुटला की त्याची स्कूटर रोज नेपियर टाउनला, तिच्या दुकानाकडे वळू लागली. चौकटीत स्वेटरच्या मागचं कापड करडं की पांढरं, यावर आठ दिवस गेले.

"एवढ्यात लोकांची लग्नं ठरतात," ती म्हणाली.

"मी पण तेच पाहून राहिलो..." तो म्हणाला, आणि ती उगाचच मोजपट्टी शोधू लागली.

शनिवारी त्याच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. त्याआधी चौकट घरी लागायला हवी, म्हणून शुक्रवारी पाचला तो येणार होता. साडेतीन वाजले तरी काच बसेना. प्रणोतीने मागच्या कापडाची जाडी मापात धरलीच नव्हती. सुईचं गोल टोक काचेला अडत होतं. जराशी सरकवू म्हणून तिने सुई ओढली — आणि ती सर्रकन हातात आली! टाके एकेक करून सुटू लागले. घाबरून तिने लोकर धरली, तर तीच ओढली गेली. दोन ओळी उसवल्या.

तिची हाक ऐकून शेजारच्या क्षमाकाकू धावत आल्या. त्यांनी उरलेले टाके सुईवर उचलले. "चलो, वाचलं! दोन ओळीच तर गेल्या. आण, घालून देते. त्याला काय कळतं?"

खरंच कळलं नसतं. पण उद्या तो त्या ओळींवर हात ठेवून आईची आठवण काढेल, आणि त्या ओळी तर काकूंच्या असतील... या माणसावर आपला जीव जडला आहे, हे प्रणोतीला नेमकं तेव्हाच कळायचं होतं!

"नको काकू. मी सांगते त्यांना."

"वेडी आहेस काय? परत तोंड नाही दाखवणार तो."

"माहीत आहे."

पाचला गौरांग हसत आला. "भिंतीला ड्रिल मारून ठेवलं, बरं का!"

तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याचं हसू मावळलं. कुरळी झालेली लोकर त्याने बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"तुम्ही शब्द दिला होता."

"हो..."

"काकूंनी विणून दिलं असतं, तर मला पता पण नसतं लागलं. मग सांगितलं काहून?"

"तुम्हाला खोट्या ओळी देववेनात मला." तिचे डोळे भरून आले.

तो बाहेर गेला. प्रणोती स्कूटरच्या आवाजाची वाट पाहत राहिली. एक मिनिट... दोन... स्कूटर सुरू झालीच नाही. तो परत दारात उभा राहिला.

"तुम्हाला विणता येतं?"

"नाही."

"काकू शिकवतील ना? त्या दोन ओळी तुम्ही घाला. वाकड्या आल्या तरी चालतील. आईचं कुठे थांबलं अन् तुमचं कुठे सुरू झालं... ते दिसलं पाहिजे."

"दोनच ओळी?" तिने विचारलं.

"पुढचा अर्धा भाग राहिला आहे. मग बाह्या. आणि थंडी तर येऊन राहिली..." आता तोही लाजला.

शनिवारी ती चौकट गौरांगच्या भिंतीवर लागली, सुईसकट. काच मात्र प्रणोतीने बसवलीच नाही. पुढचं विणायला स्वेटर रोज बाहेर काढावा लागणार होता.