पिंपातली वळणं

मोठी लढाई चालू होती त्या दिवसांत, वेल्ह्याच्या अलीकडे ओढ्याकाठी रोशाच्या गवताचं तेल काढायची भट्टी होती. गवत उकळलं की वाफ पिंपातल्या तांब्याच्या नळ्यांतून जायची, नळ्यांभोवती ओढ्याचं पाणी खेळायचं आणि तोटीतून तेल ठिबकायचं. निदान ठिबकायला हवं होतं. पाणी एका टोकानं शिरून दुसऱ्या टोकानं सरळ पळायचं, नळ्या तापलेल्याच राहायच्या आणि निम्मं तेल वाफेबरोबर हवेत जायचं.

आनंदराव मिस्त्रींनी पिंपात आडवे पत्रे बसवले. एक वरून उघडा, पुढचा खालून. आता पाण्याला प्रत्येक पत्र्याशी वळसा घालावा लागे. तेल गार पडू लागलं आणि बाहेर येणारं पाणी अंघोळीला घ्यावं असं ऊन. मिस्त्रींची स्वारी भलतीच खूश झाली.

जाळ घालणाऱ्या हैबतीला मात्र ते पत्रे रुचले नाहीत. त्याची बायको कोंडाबाई नुकतीच तापानं गेली होती. भट्टीच्या वरच्या अंगाला, चिंचेखाली, गावातल्या मयताची राख याच ओढ्यात सोडायची रीत होती. सोडणाऱ्यानं वळून बघायचं नाही आणि ते पाणीही कुणी वळवायचं नाही.

"उद्या तिला सोडायची हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "तेवढं पत्रं काढा."

"भट्टी लागलीय, हैबतीबाबा. पाणी जाईलच की नदीला, जरा फिरून."

"फिरलं की वाट चुकती."

आनंदरावांनी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर हैबती राख सोडून आला आणि भट्टीपुढं जाळ घालायला बसला. थोड्या वेळानं पिंपात किणकिण झाली.

"खडा शिरला असेल," आनंदराव म्हणाले.

किणकिण पत्र्यापर्यंत जायची, थांबायची, चाचपडत वर सरकायची आणि पलीकडे उतरायची. शेवटच्या पत्र्याशी पोचली की माघारी यायची, पाण्याच्या उलट. असा कुठला खडा येतो?

हैबती उठून उभा राहिला.

"हिरवा चुडा भरून न्हेली व्हती तिला."

आनंदरावांनी पाणी तोडलं, जाळ ओढला, झाकण खोललं. आत खडा नव्हता, काच नव्हती. काहीच नव्हतं. त्यांनी एकूण एक पत्रा उपसून भिंतीला टेकवला.

पुन्हा पाणी सोडलं. जाळ घातला. पिंप गप्प होतं.

हैबतीनं नदीकडे हात जोडले आणि तो लहान पोरासारखा रडला.

आनंदरावांनी सवयीनं तोटीखाली बोट धरलं. पत्र्यांवाचून पाणी सरळ पळायला हवं होतं. तेल कढत पडायला हवं होतं.

त्यांनी बोट झटकन मागं घेतलं.

"गेली न्हवं ती?" हैबतीनं विचारलं.

भिंतीशी पत्रे उन्हात वाळत होते.

"गेली," आनंदराव म्हणाले.

पिंपाला कान लावायचा धीर त्यांना झाला नाही. तोटीतून तेल ठिबकत होतं, गारेगार.