तिसऱ्या फुलाचा लाल रंग

ओनुमा उस्तादांची कवटी डाव्या कानामागे फुटली होती. शेजारी छपाईचा कोरीव ठसा पडला होता, चेरीच्या लाकडाचा, जड. त्याच्या कोपऱ्याला पांढरे केस चिकटले होते. रक्त चटईच्या विणीतून वाट काढत शेगडीपर्यंत गेले होते आणि तिथे, धगीने काळे पडून, थांबले होते.

इन्स्पेक्टर नागाओका गुडघ्यांवर बसला. शेगडी खिडकीपासून प्रेताजवळ ओढल्याची राखेची रेघ चटईवर स्पष्ट होती. डॉक्टर मघाशीच चिडून गेले होते: असा शेकलेला देह मृत्यूची वेळ सांगत नाही.

शेगडीला लागूनच बारा चित्रे होती. बर्फातली फांदी, तीन लाल कॅमेलिया. बाजूला एक फडके, वाळून पापडासारखे कडक.

भिंतीशी सून इत्सुए बसली होती. तिच्या हातांत बेडी होती. क्योतोच्या या गल्लीत सासऱ्याइतकी छपाई जाणणारी ती एकटीच.

"मी साडेअकराला निघालो, साहेब," प्रकाशक कुवाबारा म्हणाला. "तेव्हा लाल रंगाला हातही लागला नव्हता. दारातून 'येतो हं, उस्ताद!' म्हटलं, समोरच्या तांदूळवालीनं ऐकलंय. बारा कागदांवर लाल चढवायला तास तरी लागतो. म्हणजे साडेबारापर्यंत म्हातारा जिवंत. आणि बारापासून घरात कोण होतं?"

"तुमचं त्यांच्याशी भांडण?"

"छे! बारा प्रती झाल्या की ठसे तासून टाकणार म्हणत होते, पुन्हा कुणी छापू नये म्हणून. म्हटलं, तुमची मर्जी."

नागाओका इत्सुएकडे वळला. "बाई, तुम्ही बाराला आलात?"

"हो. मागे भात टाकला. मामंजी कामात असले की मी हाक मारत नाही. एकला जेवायला बोलवायला आले, तर..."

"तासभर भिंतीपलीकडे होतात. काहीच ऐकू आलं नाही?"

"नाही."

"हे न्यायाधीशाला पटेल?"

"फासावर चढवायचं तर चढवा. पण ही चित्रं मामंजींची म्हणू नका. लाज वाटते."

"मला तर चांगली वाटतात."

"तुम्ही फुलं मोजताय, साहेब. बाजारात मासा निरखून घेता ना? निदान तेवढं तरी बघा!"

त्याने एक चित्र उचलले आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या चित्रापाशी रेंगाळला. पहिल्या फुलाचा लाल आपल्या काळ्या रेघेत निमूट बसला होता. दुसऱ्याचा केसभर बाहेर. तिसऱ्याचा मात्र रेघ ओलांडून बर्फावर सांडला होता, थप्पड खाल्लेल्या ओठासारखा. बाराही कागदांवर तेच.

"असं कशानं होतं?"

"पहिल्या फुलापाशी ठशाची खाच. दर रंगाला कागद तिथंच टेकवायचा. कागद आदल्या दिवशी ओला करतात, तो फुगतो. शेवटचा रंग चढेपर्यंत ओल्या फडक्यात झाकून ठेवावा लागतो. वाळला की आकसतो, छापलेली रेघही आकसते. लाकूड थोडंच आकसतं?"

नागाओकाने चित्र कुवाबाराच्या हातात दिले. "शेठ, तीस वर्षं हाच धंदा करताय. यात खोट काय?"

कुवाबाराने ते उजेडात धरले. "खोट? अप्रतिम आहे. उस्तादांचा हात!"

इत्सुएने डोळे मिटले.

"तुम्हाला अजूनही दिसत नाही," नागाओका शांतपणे म्हणाला. "हा लाल तुम्ही चढवलात. तुम्हाला ठसे हवे होते, उस्ताद ते तासून टाकणार होते, म्हणून त्यातल्याच एका ठशानं त्यांचं डोकं फोडलंत. मग वेळ लपवायला शेगडी प्रेताजवळ ओढलीत, अंगावरचं रक्त धूत बसलात. तेवढ्यात उघडे कागद त्याच धगीनं वाळले. झाकायचे असतात, हे या घरातल्या दोघांना ठाऊक, तुम्हाला नाही. लाल चढवलात आणि मेलेल्या माणसाचा मोठ्यानं निरोप घेतलात."

"हिनंच मुद्दाम बिघडवलं असेल!"

"कशासाठी? लाल चढलाच नसता, तर खून साडेअकराच्या आधीचा ठरला असता. तेव्हा इथं तुम्ही होता. हा लाल म्हणजे हिच्या गळ्याचा फास, आणि सुटका फक्त तुमची."

क्षणभर निखारे तडतडले. मग कुवाबाराने खाच साफ करायची पटाशी उचलली आणि इत्सुएच्या गळ्यावर झेप घेतली. नागाओकाचा तळवा मध्ये आला. पोलाद मांस चिरत पलीकडे निघाले. त्याने हात मागे घेतला नाही. कपाळाने कुवाबाराचे नाक फोडले, एकदा, पुन्हा एकदा, तो चटईवर कोसळेपर्यंत. बाहेरचे शिपाई धावत आले.

"तासून टाकणार होता," रक्त थुंकत कुवाबारा पुटपुटला. "एवढं सौंदर्य, आणि बाराच?"



नागाओकाने धडक्या हाताने किल्ली फिरवली. बेडी निघाली. इत्सुएने ते कडक फडके पाण्यात बुडवून पिळले आणि त्याच्या रक्ताळलेल्या तळव्याभोवती घट्ट बांधले.