इफिजेनियाला फूल आलं

कोकणातल्या कातळपठारावर, सड्यावर, असलेल्या संशोधनशाळेत त्या सकाळी पेढे वाटले गेले. इफिजेनियाला फूल आलं होतं. आजवर एकाही माणसाने या जातीचं फूल पाहिलं नव्हतं. तिची प्रजातीसुद्धा नुसत्या जनुकांवरून ठरवावी लागली होती. आणि आज अख्खा सडा जांभळा. लोक कामधाम सोडून फोटो काढत होते.

विश्राम केळुसकरांना तर काय करू नि काय नको असं झालं होतं. हा कंद त्यांनीच शोधलेला. प्रजातीचं नाव तेवढं त्यांना कधी आवडलं नाही. इफिजेनिया ही ग्रीक पुराणातली राजकन्या. वारा पडला, गलबतं अडकली, म्हणून बापाने देवीपुढे तिचा बळी द्यायला काढला, अशी कथा. गवतातल्या एवढ्याशा फुलाला असलं नाव कुणाला सुचलं, देव जाणे. पण शास्त्रातली नावं आपल्या आवडीनिवडीवर चालत नाहीत.

केळुसकरांची मुलगी शाल्मली. तिच्या शरीरात एक विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच तयार होत नव्हतं आणि त्यावर औषध नव्हतं. तेच विकर या कंदात निघालं. केळुसकरांनी कंदाच्या जिवंत पेशी तांदळाच्या दाण्याएवढ्या कुपीत भरल्या आणि ती 'सजीव कुपी' तिच्या दंडात कातडीखाली बसवली. रक्तातलं पोषण आत जायचं, विकर बाहेर यायचं. मरणाच्या दारातली पोर कॉलेजात जायला लागली. मग तिच्यासारख्या इतरांनाही कुप्या मिळाल्या. प्रत्येक कुपी तंतोतंत सारखी हवी, म्हणून सगळ्या पेशी एकाच कंदापासून वाढवलेल्या. विरजणासारखं, कालच्यातून आजचं. बी कुणी पाहिलंच नव्हतं, आणि त्याची गरजही कुणाला वाटली नव्हती.

रेहाना मुकादमने पेढा घेतला नाही. वनस्पतींच्या आतल्या घड्याळांचा अभ्यास हे तिचं काम. ती केळुसकरांना शीतखोलीत घेऊन गेली. तिथे बंद बाटल्यांत, काळोखात, थंडीत ठेवलेले कंदही फुलले होते.

"यांना ना ऊन, ना पाऊस," ती म्हणाली. "तरी सड्यावरच्यांबरोबर आजच फुलले. सर, हे सगळे मिळून एकच झाड आहे. सड्यावरचेसुद्धा. बांबूचं असंच असतं. एका बेटाचे कोंब कुठेही नेऊन लावा, वेळ झाली की सगळे एकदम फुलतात. आणि मग..."

"मरतात," केळुसकर म्हणाले.

घड्याळ पुन्हा शून्यावर येतं ते फक्त बीमध्ये. मग बी पेरू, ते घाईने म्हणाले. रेहानाने सांगितलं, बी धरून रुजायला पुढचा पावसाळा उजाडेल. विकराशिवाय शाल्मली किती दिवस काढेल, हे केळुसकरांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी उष्णता, प्रकाश, संप्रेरकं, सगळं विचारून पाहिलं. पेशीचं घड्याळ थांबवणं अजून कुणालाच जमलेलं नाही, एवढंच ती म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

मग बुडत्याला काडी सापडावी तसा त्यांना एक मुद्दा सापडला. कुपीतल्या पेशी म्हणजे काही झाड नव्हे. त्यांना ना मूळ, ना देठ. माणसाच्या शरीरात राहून त्यांचं घड्याळ बंद पडलं नसेल कशावरून?

"असेलही," रेहाना म्हणाली. "कळायला एकच खूण आहे. फुलण्याआधी कंद साठवलेलं सगळं उधळून टाकतो. या बाटल्यांत गेले काही आठवडे विकर तिपटीने वाढलं होतं. मला वाटलं, नवं खत मानवलं. कुपीतलं घड्याळ चालू असेल तर तिथेही विकर वाढलेलं दिसेल."

शाल्मलीची मागची तपासणी अगदी नेहमीसारखी होती, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. ती कधी झाली होती, असं रेहानाने विचारलं. पावसाआधी, म्हणजे बाटल्यांतलं विकर वाढण्याच्याही आधी, असं त्यांना सांगावं लागलं. लगेच रक्त तपासायचं ठरलं आणि त्यांनी मुलीला फोन लावला. ती वाटेतच होती, फुलं बघायला निघालेली.

ती आली ती पायथ्यापासून चालत. आजवर जिला जिन्याच्या मधल्या पायरीवर बसावं लागायचं, ती अख्खी चढण चढून आली होती आणि तिला साधी धापसुद्धा लागली नव्हती. गाल लाल झाले होते. आल्या आल्या तिने पेढ्यांचा बॉक्सच पुढे ओढला. हल्ली सारखी भूक लागते म्हणाली.

"आणि मी एकटी नाही हं, बाबा. कुपीवाले सगळेच. ते सावंतवाडीचे काका परवा नातवाबरोबर फुटबॉल खेळले. सगळ्यांना एकदमच बरं वाटायला लागलंय."

रेहाना खिडकीकडे वळली. बापाला रडू फुटत होतं आणि रडायचीही सोय नव्हती. रक्त तपासायचं राहिलंच, कारण आता त्यातून नवं काही कळणार नव्हतं.

"उद्या सगळे इथे येतायत," शाल्मली सांगत होती. "तुझा सत्कार करायचाय. शाल-श्रीफळ आणून झालंय, तेव्हा नेहमीसारखं नाही म्हणू नकोस."

केळुसकरांनी तिच्या दंडावर हात ठेवला. कातडीखालची कुपी बोटांना लागत होती.

"येऊ देत," ते म्हणाले.